‘पत्र पावले, मजकूर कळला’ : अडीचशे वर्षांपूर्वीची अमेरिकन पत्रं वाचताना

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ ला २५० वर्षं होतात. त्यानिमित्ताने त्या काळातली पत्रं पुन्हा चर्चेत आली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स या अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांची हजारो पत्रं कुणालाही घरबसल्या, फुकट वाचता येतात. मात्र उत्साहाने एखादं पत्र उघडावं, तर चार ओळींत गोंधळायला होतं. तंबाखूच्या भावाला लागून घरातल्या आजारपणाची खबर येते. तोच मजकूर आठवडाभराने पुन्हा लिहिलेला दिसतो. तारीख म्हणून ‘१७३१/३२’ असं काहीतरी असतं. आणि सगळं भांडण झाल्यावर खाली सही : ‘आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक’.

ही पत्रं समजायला इंग्रजी फार यावं लागत नाही. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते. लिहिणाऱ्याला पत्र कधी पोचेल ते माहीत नसायचं, आणि पोचेलच याची खात्रीही नसायची. बाकीचं बरंचसं विचित्र वाटणारं या एका गोष्टीतून निघतं.

वसाहतकाळ म्हणजे अटलांटिकच्या किनाऱ्यालगत, न्यू हॅम्पशरपासून जॉर्जियापर्यंत, ज्या तेरा वसाहती ब्रिटिश राजाच्या अमलाखाली होत्या, त्यांचा १७७६ पर्यंतचा काळ.

आधी अंतर समजून घेऊ

इंग्लंडहून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाला समोरचा वारा आणि समोरचा प्रवाह. सहा ते दहा आठवडे सहज जायचे. परतीचा प्रवास त्या मानाने लवकर, चार ते सहा आठवड्यांत व्हायचा. म्हणजे ‘हे घेऊ का?’ असं विचारलं की ‘घे’ हे उत्तर यायला तीन-चार महिने. वादळ, युद्ध किंवा चाचे आडवे आले तर उत्तर येणारच नाही.

हा वेळ किती मोलाचा होता ते १७७५ मध्ये दिसलं. १९ एप्रिलला बॉस्टनजवळ लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्डला ब्रिटिश सैनिक आणि स्थानिक लोक यांच्यात पहिली चकमक झाली. ब्रिटिश सेनापती गेज यांनी आपला अहवाल ‘सुकी’ नावाच्या जहाजाने लंडनला रवाना केला. त्यानंतर काही दिवसांनी वसाहतवाल्यांनी सेलम बंदरातून जॉन डर्बी नावाच्या कप्तानाला ‘क्वेरो’ ही हलकी, मालाशिवायची नौका देऊन पाठवलं. सोबत साक्षीदारांचे जबाब आणि छापील वर्तमानपत्रं. डर्बी २८ मेला लंडनमध्ये पोचला. उशिरा निघूनही त्याने सरकारी अहवालाला जवळजवळ दोन आठवड्यांनी मागे टाकलं. तेवढे दिवस लंडनमध्ये एकच बाजू ऐकू येत होती, आणि ती सरकारची नव्हती.

मग पोस्ट नव्हतं का?

होतं, पण आपल्या मनात येतं तसं नाही. १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने ठरवलं की समुद्रापलीकडची पत्रं बॉस्टनमध्ये रिचर्ड फेअरबँक्स याच्या घरी उतरवायची. हा फेअरबँक्स खानावळ-गुत्ता चालवायचा. अमेरिकेतल्या टपालाची ही सरकारी सुरुवात. अनेक ठिकाणी पत्रं खानावळीच्या टेबलावर पडून असायची. येणारा-जाणारा ती चाळायचा, आपल्या वाटेवरच्या गावाची असतील तर उचलून घेऊन जायचा. गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती डबा आणि चिठ्ठी देणाऱ्या आपल्या आजीला ही व्यवस्था लगेच कळली असती.

१६७३ मध्ये न्यूयॉर्क ते बॉस्टन घोडेस्वाराचा टपाल सुरू झाला, महिन्यातून एकदा. १६९२ मध्ये राजाने थॉमस नील नावाच्या दरबाऱ्याला अमेरिकेतल्या टपालाचा २१ वर्षांचा मक्ता दिला. या गृहस्थाने अमेरिकेत कधी पाऊलही टाकलं नाही. १७११ पासून एकच कायदा आणि ठरलेले दर लागू झाले. १७५५ मध्ये इंग्लंडमधल्या फाल्मथहून न्यूयॉर्कला टपालाची नियमित जहाजं सुटू लागली.

बेंजामिन फ्रँकलिन १७३७ मध्ये फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला आणि १७५३ पासून सगळ्या वसाहतींच्या टपालाच्या दोन प्रमुखांपैकी एक. १७६८ च्या सुमारास त्याच्या कानावर तक्रार आली, की टपालाची जहाजं साध्या व्यापारी जहाजांपेक्षा जास्त दिवस घेतात. त्याने आपल्या नात्यातल्या टिमथी फोल्जर या नँटकेट बेटावरच्या दर्यावर्दी कप्तानाला विचारलं. देवमाशांच्या शिकारीत आयुष्य गेलेल्या फोल्जरने सांगितलं की समुद्राच्या पोटात एक जोरदार प्रवाह आहे, आमचे लोक तो टाळतात, टपालवाले त्यातच शिरून उलटे झगडत बसतात. फ्रँकलिनने त्याचा नकाशा छापून घेतला. गल्फ स्ट्रीम या प्रवाहाचा हा नकाशा एका उशिरा येणाऱ्या टपालाच्या तक्रारीतून जन्मला, हे मला फार आवडतं.

तरीही बहुतेक पत्रं सरकारी टपालाने जात नसत. ती कप्तानाच्या, मित्राच्या, पाहुण्याच्या हाती जात. लंडनमधल्या कॉफीगृहांत जहाजांच्या पिशव्या टांगलेल्या असत. अमुक जहाज व्हर्जिनियाला निघालंय, टाका त्यात पत्र.

पाकीट कुठे आहे?

या पत्रांना पाकीट नसायचं. १७११ च्या दरांप्रमाणे लंडन ते न्यूयॉर्क एका कागदाच्या पत्राला एक शिलिंग, दोन कागदांना दोन. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे दुप्पट दर. ज्याच्यावर माया आहे त्याच्या माथी कोण हा खर्च मारेल?

म्हणून एक मोठा कागद मधोमध दुमडून चार पानं करायची. तीन पानांवर मजकूर, चौथं पान मधल्या भागात कोरं ठेवायचं. मग कागद आडवा-उभा घडी घालत छोटा करायचा, एक टोक दुसऱ्यात खोचायचं आणि तिथे लाखेचा ठिपका किंवा पिठाची ओली चकती चिकटवायची. कोरा भाग बाहेर येतो, त्यावर पत्ता. आपलं निळं आंतरदेशीय पत्र आठवा, तीच युक्ती. पत्र उघडताना मात्र लाखेबरोबर कागदाचा तुकडा फाटून यायचा. आज छापील प्रतींमध्ये मध्येच कंसात ‘फाटलेलं’ असं दिसतं, ते बरेचदा या लाखेमुळे. कुणीतरी घाईघाईने उघडल्याची ती खूण आहे.

शाई ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस यांची, लेखणी हंसाच्या पिसाची, कागद चिंध्यांचा. त्या कागदातल्या लिननमुळेच तो आजही तुटत नाही.

तेच तेच पुन्हा पुन्हा का लिहिलंय?

समजा तुम्ही न्यूयॉर्कचे व्यापारी आहात आणि लंडनला मालाची मागणी पाठवायची आहे. एका जहाजातून पत्र पाठवलं आणि जहाज बुडालं, तर चार महिने वाट पाहून मगच कळणार. म्हणून तेच पत्र दुसऱ्या जहाजातून पुन्हा पाठवायचं, युद्ध चालू असेल तर तिसऱ्यातूनही. वरती लिहायचं : ‘मूळ प्रत अमुक कप्तानाकडे दिली आहे, ही नक्कल.’

आणि स्वतःकडे? प्रत्येक शहाणा व्यापारी नक्कलवही ठेवायचा. कचेरीतल्या बारनिशीत फक्त नोंद असते; इथे बाहेर जाणारं पत्र सबंधच्या सबंध उतरवून ठेवलं जायचं. वाद झाला तर हाच पुरावा. आज आपल्या हाती असलेली बरीचशी पत्रं या वह्यांतली आहेत.

आता पत्राची पहिली ओळ पाहा. जवळजवळ ठरलेली असते : ‘आपलं अमुक तारखेचं पत्र अमुक कप्तानामार्फत पोचलं.’ मराठी वाचकाला ही ओळ परकी वाटायचं कारण नाही. आपल्या जुन्या पत्रांत ‘पत्र पाठविले ते पावले, मजकूर कळला’ असतंच. मोबाइलवरच्या दोन निळ्या खुणांचं काम ही ओळ करायची. तुमच्या कोणत्या पत्रापर्यंत मी आलोय, कोणतं वाटेत अडकलं, याचा हिशेब त्यात असायचा. आणि शेवटचा ‘नम्र सेवक’ म्हणजे आपलं ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. रागाने लिहिलेल्या पत्रातही आपण लोभ मागतोच.

पैसे कसे जायचे?

वसाहतींत सोन्या-चांदीची नाणी कायम टंचाईची. व्यापार तर लाखोंचा. मग पैसा फिरायचा कसा? पत्रावर.

व्हर्जिनियाचा जमीनदार तंबाखूची पिंपं लंडनच्या अडत्याकडे पाठवायचा. अडत्या माल विकून, दलाली आणि खर्च कापून, रक्कम त्याच्या खाती जमा करायचा. आता जमीनदाराला गावातल्या दुकानदाराचं देणं फेडायचं आहे. तो अडत्याला चार ओळींची चिठ्ठी लिहितो : ही चिठ्ठी पाहिल्यापासून साठ दिवसांनी या माणसाला इतके पौंड द्या. दुकानदार ती चिठ्ठी लंडनमधल्या आपल्या घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवून स्वतःचं देणं भागवतो. नाणं कुठेच हललं नाही.

म्हणजे ही हुंडीच. पुण्या-मुंबईच्या पेढ्यांवर चालायची तशीच. फरक एवढाच की आपल्याकडे हुंडी हरवली तर मागाहून ‘पेठ’ निघायची, तीही गेली तर ‘परपेठ’. तिकडे पहिली, दुसरी, तिसरी अशा तीन प्रती एकदमच लिहून वेगवेगळ्या जहाजांनी सोडत. प्रत्येकीवर लिहिलेलं असे : ‘दुसरी आणि तिसरी वठली नसेल तर ही द्यावी.’ अडत्याने नाकारली तर ती हुंडी खर्चासकट परत यायची, आणि माणसाची पत जायची.

सगळी मदार अशी दूरच्या अडत्यावर. व्हर्जिनियाचाच जमीनदार असलेल्या वॉशिंग्टनची लंडनच्या रॉबर्ट केरी आणि कंपनी या अडत्या पेढीला लिहिलेली पत्रं वाचा. माझ्या तंबाखूला शेजाऱ्यापेक्षा कमी भाव का, पाठवलेला माल जुनाट आणि महाग का, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. उत्तर यायला कित्येक महिने, तोवर नवं पीक जहाजावर चढलेलं. १७६४ पर्यंत त्याच्यावर त्या पेढीचं सुमारे १८०० पौंड कर्ज झालं होतं. इंग्रजांबद्दलचा व्हर्जिनियाच्या जमीनदारांचा राग करांपासून सुरू झाला असं आपण शाळेत वाचतो. मला वाटतं त्याची पहिली ठिणगी या अडत्यांच्या हिशेबपत्रकांत पडली.

घर आणि दुकान एकाच कागदावर कसं?

वॉशिंग्टनचं या पेढीला लिहिलेलं १ मे १७५९ चं पत्र पाहा. जानेवारीत त्याचं मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न झालं होतं. तिच्या पहिल्या नवऱ्याचं खातं याच पेढीवर होतं. पत्रासोबत वॉशिंग्टनने धर्मगुरूचं लग्नाचं प्रमाणपत्र जोडलं आणि कळवलं की यापुढे त्या इस्टेटीची पत्रं मला लिहावीत. इंग्रजी कायद्याने लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे जायचा. लग्नाची बातमी आणि खातं बदलण्याचा अर्ज, दोन्ही एकच.

दुसरं कारण विश्वासाचं. चार महिन्यांच्या अंतरावर माल पाठवायचा तर हातचा माणूस हवा. म्हणून एक भाऊ लंडनला, दुसरा बार्बाडोसला, जावई न्यूयॉर्कला. अशा घरात भावाला लिहिलेलं पत्र धंद्याचंही असणार आणि आईच्या गुडघेदुखीचंही.

न्यूयॉर्कच्या ज्यू व्यापाऱ्याची पत्नी अबिगेल फ्रँक्स हिची लंडनमधल्या थोरल्या मुलाला, नॅफ्टलीला, लिहिलेली १७३३ ते १७४८ या काळातली पत्रं उरली आहेत. त्यांत राजकारण आहे, पुस्तकं आहेत, नवऱ्याच्या व्यापाराच्या खबरी आहेत. आणि एक ताकीद : मामाकडे गेलास तर पाव-लोण्यापलीकडे काही खाऊ नकोस, त्याच्या घरी आपले खाण्यापिण्याचे नियम पाळत नाहीत. हा मामा तिचा सख्खा भाऊ. १७४३ मध्ये तिने लिहिलं की तुझ्या बहिणीने एका ख्रिश्चन तरुणाशी लग्न केलं, आणि केलं तेही सहा महिने लपवून. ते पत्र लिहिताना तिचा जीव किती तुटत होता ते आजही ओळीओळीत कळतं. मुलाच्या हाती ते पडेपर्यंत आणखी काही आठवडे गेले असणार, आणि त्याच्या सांत्वनाला परत यायला आणखी काही.

साउथ कॅरोलिनातली एलायझा ल्युकस सोळा-सतरा वर्षांची असताना वडील अँटिग्वा बेटावर कामगिरीवर गेले आणि मळे तिच्यावर आले. तिची नक्कलवही टिकली आहे. वडील बियाणं पाठवत, ती कोणतं उगवलं, कोणतं थंडीने मारलं ते कळवत असे. त्या पत्रव्यवहारातून तिथे निळीचं पीक उभं राहिलं. १७४७ पर्यंत निर्यात लाख पौंड वजनावर गेली होती. पुढे तिचं चार्ल्स पिंकनीशी लग्न झालं. मुलांना इंग्लंडच्या शाळेत ठेवून ती नवऱ्याबरोबर १७५८ मध्ये परतली आणि त्याच जुलैत नवरा हिवतापाने गेला. मुलगे बारा आणि सात वर्षांचे, समुद्रापलीकडे. वडील गेल्याचं त्यांना सांगायचं होतं, आणि सांगायचं साधन एकच होतं. तिने मुलांना पत्र लिहिलं, आणि शाळेच्या मास्तरांनाही. इतर पत्रांसारखंच तेही नक्कलवहीत उतरवलं.

पण खासगी पत्र खासगी राहायचं का?

फारसं नाही. पत्र घरात मोठ्याने वाचलं जायचं, शेजारी फिरायचं, युद्धात पकडलं जायचं. १७७५ मध्ये जॉन अ‍ॅडम्सची पत्रं ब्रिटिशांनी वाहकाकडून पकडली आणि छापून टाकली. सहकाऱ्यावर केलेली जहरी टीका साऱ्या जगाने वाचली.

याहून मोठं प्रकरण फ्रँकलिनचं. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर हचिन्सन यांनी काही वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका ओळखीच्या गृहस्थाला लिहिलेली पत्रं फ्रँकलिनच्या हाती लागली. त्याने ती बॉस्टनला पाठवली, आणि १७७३ मध्ये तिथे ती छापली गेली. जानेवारी १७७४ मध्ये लंडनला भर दरबारात फ्रँकलिनला तासभर झोडपण्यात आलं, टपालखात्याची नोकरी लगोलग गेली. पत्रं सांभाळण्याचा सरकारी अधिकारी दुसऱ्याची पत्रं फोडतो, हा आरोप होता. फ्रँकलिनचं म्हणणं, ती सरकारी माणसांनी राज्यकारभाराबद्दल लिहिलेली पत्रं, त्यांना खासगी कसं म्हणायचं? हा वाद आजही मिटलेला नाही.

म्हणून या पत्रांवर विश्वास ठेवताना लक्षात ठेवायचं, की लिहिणाऱ्याला तिसरा वाचक दिसत होता.

तारखांचंही थोडक्यात सांगतो. १७५२ पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन वर्षं लावत. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२. आणि सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. मोडी कागद वाचताना शुहूर सन आणि शके यांचा मेळ घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

ही सगळी श्रीमंतांचीच पत्रं नाहीत का?

हा आक्षेप खरा आहे आणि गंभीर आहे. नक्कलवही ठेवायला वही लागते, घर लागतं, आणि ती जपणारी पुढची पिढी लागते. शिवाय त्या काळी वाचन आणि लेखन वेगवेगळं शिकवत. बायबल वाचता यावं म्हणून अनेक मुलींना वाचन शिकवलं जायचं. लिहिणं हे धंद्याचं कसब, ते मुलांना. फ्रँकलिनची पत्नी डेबरा शब्द कानावर पडतील तसे लिहायची. नवरा लंडनला वर्षानुवर्षं, ती फिलाडेल्फियात घर, दुकान, टपालाचा कारभार पाहत त्याला पत्रं लिहीत राहिली. डिसेंबर १७७४ मध्ये ती गेली. त्याला ते कळायला नवं वर्ष उजाडलं.

गुलामगिरीतल्या माणसांची गोष्ट याहून वेगळी. साउथ कॅरोलिनाच्या १७४० च्या कायद्याने त्यांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवलं, दंड १०० पौंड. एलायझाच्या निळीच्या हौदांत दिवस-दिवस काम करणाऱ्यांनी काय लिहिलं असतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. त्याच प्रांतातल्या हेन्री लॉरेन्स या व्यापाऱ्याच्या धंद्याच्या पत्रांत मात्र तांदळाच्या आणि निळीच्या भावाशेजारी माणसांचे भाव आहेत, त्याच शांत अक्षरात. ती पत्रं नीट जपली गेली.

फिलिस व्हीटली ही लहानपणी आफ्रिकेतून पकडून आणलेली मुलगी बॉस्टनमध्ये वाढली, लिहायला शिकली, कवयित्री झाली. न्यूपोर्टमध्ये तिची मैत्रीण होती, ओबूर टॅनर, तीही गुलाम. दोघी १७७२ पासून एकमेकींना लिहायच्या. बरेचदा ओळखीच्या माणसाच्या हाती पत्र द्यायच्या. त्यांत देवाचं बोलणं आहे, दम्याच्या त्रासाबद्दल आहे, आणि ऑक्टोबर १७७३ च्या पत्रात धंद्याचंही : माझ्या पुस्तकासाठी वर्गणीदार मिळवून दे, त्याचा फायदा मला होईल. घर आणि दुकान एकाच कागदावर, इथेही.

ओबूरने मैत्रिणीची पत्रं म्हातारपणापर्यंत जपली, म्हणून त्यांतली सात आज आपल्याकडे आहेत. ओबूरने लिहिलेलं मात्र एकही उरलं नाही. फिलिसच्या १९ मे १७७२ च्या पत्राची पहिली ओळ नेहमीचीच आहे : तुझं ६ फेब्रुवारीचं पत्र पोचलं, मनापासून आभार. त्या ६ फेब्रुवारीला ओबूर टॅनर कागद घेऊन लिहायला बसली होती, याचा आज एवढाच पुरावा आहे.